दुसऱ्या घरातून आलेला पोपट

आपला हिरवा देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. म्हणून आज मी बोलणार आहे ते आफ्रिकन ग्रे या करड्या अंगाच्या, लाल शेपटीच्या परदेशी पोपटाबद्दल. हा पक्षी पिंजऱ्यात चाळीस-पन्नास वर्षंही जगतो. साहजिकच मालकाचं वय होतं, बदली होते, आणि पोपट दुसऱ्या घरी जातो. जाताना तो पहिल्या घरातले आवाज, वेळा आणि धास्ती सोबत नेतो. नव्या घराला त्या ‘विचित्र सवयी’ वाटतात.

आमच्याकडचा ग्रे असाच एका आजोबांच्या निधनानंतर आला. रोज रात्री तो खोकायचा, अगदी म्हाताऱ्या माणसासारखा. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, आजार नव्हता. मग आजोबांच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, “बाबा रात्री खोकत उठायचे, दिवा लावायचे आणि याच्याशी दोन शब्द बोलायचे.” म्हणजे याच्या लेखी खोकला ही हाक होती. तो आजोबांना बोलावत होता!

तेव्हापासून मी एक वही ठेवली. पोपट काय करतो, किती वाजता करतो, त्याआधी काय घडलं आणि नंतर आम्ही काय केलं, एवढंच लिहायचं. आठवडाभरात उलगडा होऊ लागतो. केरसुणी दिसली की तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात का जातो, फोन ठेवला की शीळ का घालतो, हे कळतं.

सगळ्याच सवयी काळजीच्या नसतात. सकाळ-संध्याकाळचा कलकलाट ही थव्याची रीत आहे. झोपण्यापूर्वी चोच घासणं हे समाधानाचं लक्षण. आपल्यापुढे दाणे ओकून टाकणं ही तर जोडीदाराला भरवण्याची तऱ्हा! अशा वेळी पाठीवरून हात फिरवू नये, त्याने ती ओढ वाढते. मान आणि डोकं खाजवावं.

पिसं उपटणं मात्र गंभीर. छाती उघडी पडली आणि डोक्यावरची पिसं शाबूत असली, तर तो स्वतःच उपटतो आहे असं बहुधा समजावं, कारण डोक्यापर्यंत चोच पोचत नाही. आधी डॉक्टर गाठावा. त्वचेचा विकार, जंतुसंसर्ग, नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर पोसल्याने झालेली जीवनसत्त्वाची उणीव, काहीही असू शकतं. आजार नसेल, तर बहुतेक वेळा कंटाळा किंवा एकटेपणा निघतो. रानात हा पक्षी दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात घालवतो. पिंजऱ्यात वाटी दहा मिनिटांत संपते. म्हणून खाऊ कागदात गुंडाळून, मक्याच्या कणसात लपवून द्यावा. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता द्यावी.

ओरडणं, पिंजऱ्यावर कापड टाकून शिक्षा करणं, पाणी उडवणं यांनी सवय जात नाही, विश्वास जातो. आणि ओरडल्यावर आपण धावत गेलो, तर ओरडण्याला बक्षीसच मिळतं. गप्प असताना बोलावं, शीळ घातली की उत्तर द्यावं.

असा पोपट घरी आणण्याआधी जुन्या मालकाकडे दोन गोष्टी मागून घ्या : त्याच्या नोंदणीचे कागद आणि त्याची दिनचर्या. कागदांनी तो कायद्याने तुमचा होतो. दिनचर्या कळली, तर मनाने तुमचा व्हायला त्याला कमी वेळ लागतो.