माझ्या आतली ओरडणारी बाई



गेल्या रमजानमध्ये सहरीचं दूध माझ्या हातून तीन दिवस सलग उतू गेलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोललं ते माझ्या आतूनच कुणीतरी: "इंजिनिअर झालीस, आणि एक पातेलं सांभाळता येत नाही!"

मला एडीएचडी आहे, हे चौतिसाव्या वर्षी कळलं. मुलींमध्ये हे बऱ्याचदा निसटतं. सगळ्याच जणी वर्गात धुडगूस घालत नाहीत. कित्येक खिडकीबाहेर बघत गप्प बसतात आणि 'वेंधळी' ठरतात. औषधाने माझं लक्ष लागू लागलं. शरम मात्र तशीच राहिली.

मग समुपदेशक बाईंनी 'इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स' ही पद्धत वापरली. रिचर्ड श्वार्ट्झ या अमेरिकन कुटुंबोपचार तज्ज्ञाने ती १९८०च्या दशकात मांडली. तिच्यानुसार मन म्हणजे माणसांनी भरलेलं घर. काही जण आधीच बंदोबस्त करतात, काही जण दुखलं की घाईने आग विझवतात (माझा तो भाग हातात मोबाईल देतो), आणि काही लहान, दुखावलेले, आतल्या खोलीत कोंडलेले असतात. कुणालाच हाकलायचं नाही, विचारायचं. कोडमध्ये बग आला तर आम्हीही शिव्या देत बसत नाही, लॉग वाचतो.

मी त्या ओरडणाऱ्या बाईला विचारलं, "तू गप्प बसलीस तर काय होईल?" उत्तर आलं, "लोक ओरडतील. त्यांच्याआधी मी ओरडते." तिच्या मागे चौथीतली मी होते, वही विसरली म्हणून बाकावर उभी केलेली. त्या दिवशी पुढचं काही बोलणं झालं नाही.

याने एडीएचडी बरा होत नाही, आणि त्यावरचं संशोधनही अजून थोडंच आहे. डॉक्टर, औषध, टायमर हे लागतंच.

कुणी म्हणेल, स्वतःला टोचणं हेच तर नफ्स-ए-लव्वामा. सूरह अल-कियामाच्या सुरुवातीला त्याचा उल्लेख आहेच. पण चूक टोचणं वेगळं आणि मेंदूच्या ठेवणीसाठी स्वतःला गुन्हेगार ठरवणं वेगळं. नमाजमध्ये किती रकात झाल्या हे विसरलं, तर सजदा-ए-सहव आहे. दोन सजदे करायचे. विसरला म्हणून कुणी बेनमाजी ठरत नाही.

एडीएचडी बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. माझ्या अम्मीची पातेलीही कायम करपलेली असायची, आणि अब्बा सगळ्यांसमोर हसायचे. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. या ईदला माहेरी जाणार आहे.