लोणारचे सरोवर आणि त्याची आरोग्यकीर्ती

सुरतेच्या दक्षिणेस वांसद्याजवळ उनाईचे ऊन पाण्याचे कुंड आहे. शरभंग ऋषींची व्याधी हरावी म्हणून रामचंद्रांनी बाण मारून हे पाणी भूमीतून काढले, अशी तेथील कथा होय. त्वचेच्या विकारांवर गुण यावा या आशेने लोक तेथे स्नानास जातात. अशीच कीर्ती विदर्भातील बुलढाणा जिल्ह्यात असलेल्या लोणारच्या खाऱ्या सरोवरालाही लाभलेली आहे.

भूमीखाली दडून बसलेल्या लवणासुराचा विष्णूने वध केला व त्या ठिकाणी हे तळे झाले, असे स्थलपुराण सांगते. गावातील दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर याच कथेचे स्मारक होय. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलाने 'ऐन-इ-अकबरी'त या स्थळाची नोंद करताना काच व साबण यांस लागणारे पदार्थ येथे मिळतात, असे लिहिले. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी येथील क्षारांच्या प्रकारांची जुनी नावे आहेत.

हा खळगा ज्वालामुखीचा असावा, असे पुष्कळ काळ मानले जाई. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मात्र निराळा निर्णय दिला. प्रचंड आघातानेच घडू शकेल अशी काच येथील खडकांत आढळली आणि हे विवर अशनीपाताचे ठरले. काळ्या बसाल्ट खडकातील या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. पावसाचे व झऱ्यांचे पाणी आत येते, पण बाहेर जाण्यास त्याला वाट नाही. उन्हाने पाणी उडून जाते आणि सोडा व मीठ मागे राहतात.

आता आरोग्याचा प्रश्न. लोणारला येणारे भाविक स्नान करतात ते मुख्यत्वे विवराच्या काठावरील 'धारे'खाली, आणि धारेचे पाणी गोडे आहे. तळ्याचे पाणी तीव्र अल्कधर्मी असून ते त्वचेवरील स्निग्धता काढून टाकते. चिरलेल्या वा सुजलेल्या कातडीला त्याने अपायही होऊ शकेल. पश्चिम आशियातील मृत समुद्राकाठी सोरायसिसच्या रोग्यांवर उपचार होतात, हे खरे. परंतु तेथील पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार विपुल आहेत, आणि तो प्रदेश समुद्रसपाटीहून चारशेंहून अधिक मीटर खाली असल्याने तेथील ऊनही सौम्य पडते. वैद्याच्या देखरेखीखाली त्या उन्हाचाच उपचारात मोठा भाग असतो. तेव्हा एका पाण्याचा गुण दुसऱ्याच्या नावे लिहिणे शास्त्राला धरून होणार नाही. श्रद्धेने स्नान करणाऱ्याने ते अवश्य करावे. मात्र औषध सोडून पाण्याची वाट धरू नये.

या सरोवराचे खरे धन त्याच्या खारेपणात आहे. त्या पाण्यात विशिष्ट सूक्ष्मजीवच तग धरतात. २०२० च्या जून महिन्यात तळे अचानक गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे सांगितले. त्याच वर्षी रामसर कराराच्या यादीत लोणारची नोंद झाली. परंतु गावाचे सांडपाणी, कपडे धुण्याचा साबण व शेतातील खते तळ्यात उतरली, अथवा गोड्या पाण्याचा ओघ वाढला, तर शतकानुशतके साठलेली क्षारता उतरू लागेल आणि तिच्यावर जगणारी सृष्टीही लोपेल.

स्नानास जाणाऱ्याने साबण घरी ठेवावा, निर्माल्य काठावर टाकू नये, आणि गावाने आपले सांडपाणी शुद्ध केल्यावाचून विवराकडे सोडू नये. लोणारचे पाणी माणसाची व्याधी हरते की नाही, याचा निकाल वैद्यक देईल. त्या पाण्याला व्याधी जडू न देणे मात्र सर्वस्वी माणसाच्या हाती आहे.