शेतकऱ्याचे नाव, व्यापाऱ्याचे काम



राजकीय भ्रष्टाचार हा शब्द उच्चारताच सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे नोटांनी फुगलेले पाकीट येते. ते अगदीच चूक आहे असे नाही. परंतु लोकशाहीला आतून पोखरणारा दुसरा एक प्रकार आहे आणि त्यात पाकीट कोठेच दिसत नाही. दिसतात त्या समित्या, त्यांचे अहवाल, निवेदने घेऊन आलेली शिष्टमंडळे आणि ठरलेला नियम ‘अधिक विचारार्थ’ पुढे ढकलणारी एखादी साधी अधिसूचना. अमेरिकेत याला लॉबिंग म्हणतात, आपल्याकडे वजन वापरणे म्हणतात. हे वजन वापरणारा स्वतःच्या नफ्याची गोष्ट चुकूनही काढत नाही; तो गरिबाची गोष्ट काढतो. कोगनोळीच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडताना उदाहरण लांब शोधण्याचे कारण नाही. या शिवारात पिढ्यान्‌पिढ्या जे पीक घेतले गेले आणि ज्याच्या वखारींमुळे निपाणीचे नाव देशभर झाले, त्या तंबाखूचेच उदाहरण पुरेसे आहे.

१५ ऑक्टोबर २०१४ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अधिसूचना काढली की, तंबाखूजन्य पदार्थांच्या पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग धोक्याच्या सचित्र इशाऱ्याने व्यापलेला असावा. त्यापूर्वी हा इशारा केवळ दर्शनी बाजूच्या ४० टक्के भागावर असे. नवा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हावयाचा होता. अधिसूचना निघाली तेव्हा आरोग्यमंत्री होते डॉ. हर्षवर्धन, स्वतः कान-नाक-घशाचे डॉक्टर. ज्या देशात विडी ओढणाऱ्यांपैकी आणि तंबाखू चघळणाऱ्यांपैकी असंख्यांना अक्षर वाचता येत नाही, तेथे चित्र हीच भाषा, हा त्यामागील विचार होता.

नियम लागू होण्यास काही दिवस उरले असता लोकसभेच्या दुय्यम विधिविधानविषयक समितीने तो स्थगित ठेवावा असे सुचविले आणि मार्चअखेरीस मंत्रालयाने तो खरोखरीच पुढे ढकलला. समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे भारतीय जनता पक्षाचे खासदार दिलीप गांधी. त्यांनी वृत्तपत्रांना जे सांगितले त्याचा आशय असा की, तंबाखू अपायकारक आहे हे सर्वांना मान्य आहे; पण तिच्यामुळे कर्करोग होतो असे सिद्ध करणारी भारतीय पाहणी नाही, सारे अभ्यास परदेशातले आहेत. शिवाय मध्य प्रदेश, छत्तीसगड आदी राज्यांत चार कोटी लोक तेंदूपत्ता आणि विडी यांवर जगतात, त्यांचा विचार केला पाहिजे. याच समितीचे एक सदस्य होते अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता. ते स्वतः विडीचे मोठे कारखानदार. विडीमागून विडी ओढूनही ठणठणीत असलेली माणसे आपण दाखवू शकतो, असे त्यांनी सांगितले. साखर, भात आणि बटाटे खाल्ल्यानेही मधुमेह होतो, मग त्यांच्यावर इशारा का छापत नाही, असा सवालही त्यांनी केला.

येथे थोडे थांबले पाहिजे. ज्याच्या मालावर निर्बंध घालावयाचा तोच गृहस्थ निर्बंधाची छाननी करणाऱ्या समितीत बसतो, यात कायद्याचा भंग झाला असे म्हणता येत नाही. लाच दिल्याघेतल्याचे सिद्ध झालेले नाही आणि तसा आरोप येथे करावयाचाही नाही. समिती-सदस्याचा वैयक्तिक आर्थिक संबंध असेल तर त्याच्या समावेशाला आक्षेप घेण्याची तरतूद लोकसभेच्या नियमांत आहे. पण आक्षेप दुसऱ्या कोणी घ्यावा लागतो. गावातील सोसायटीच्या पंचाला स्वतःच्या कर्जाच्या अर्जावर निर्णय देताना बाजूला बसावे लागते, एवढा साधा संकेत देशाच्या संसदेत पाळला गेला नाही. लाच पकडता येते, ती देणारा-घेणारा दोघेही भीत असतात. उघड्यावर, दिव्याच्या उजेडात, राष्ट्रगीताच्या सुरांत चाललेला हितसंबंध पकडावयाचा कसा?

आता त्या ‘भारतीय अभ्यासा’विषयी. या विधानाने सर्वांत अधिक अन्याय कोणावर झाला असेल तर तो एका मराठी शास्त्रज्ञावर. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संस्थापक. सांघवी, राव आणि खानोलकर यांचा धूम्रपान व तंबाखू चघळणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखविणारा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९५५ साली प्रसिद्ध झाला. रोगी मुंबईचे, संशोधक मुंबईचे, सवयी आपल्याच विडीच्या आणि पानतंबाखूच्या. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतून हजारोंची तोंडे तपासून हे काम वाढविले. म्हणजे अहमदनगरच्या खासदारांना जो अभ्यास देशात सापडला नाही, तो त्यांच्याच राज्याच्या राजधानीत साठ वर्षे छापील स्वरूपात उपलब्ध होता. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्या पक्षाच्या लोकप्रतिनिधीने स्वदेशी विज्ञानच अमान्य करावे यातील विसंगती वेगळी सांगावयास नको.

त्या वर्षीच १६ फेब्रुवारीला सांगली जिल्ह्यातील अंजनीचे आर. आर. पाटील, महाराष्ट्राचे माजी गृहमंत्री, तोंडाच्या कर्करोगाने गेले. आणि १ एप्रिल रोजी, म्हणजे नवी चित्रे ज्या दिवशी पाकिटावर यावयाची त्याच दिवशी, केंद्र सरकारच्याच तंबाखूविरोधी जाहिरातीत आपले शस्त्रक्रियेने विद्रूप झालेले तोंड लोकांना दाखविणारी मध्य प्रदेशातील एक तरुणी मरण पावली. तिचे वय तिशीच्या आत होते.

हा दोष एका पक्षाचा आहे असे मानून समाधान करून घेण्यात अर्थ नाही. सचित्र इशाऱ्याचे नियम प्रथम २००६ साली झाले आणि प्रत्यक्षात आले ३१ मे २००९ रोजी. मधल्या काळात काँग्रेसप्रणीत सरकार होते. मुदती पुढे पुढे सरकत राहिल्या, चित्रे सौम्य झाली आणि कवटी-हाडांचे चिन्ह गळाले. या प्रश्नावरील मंत्रिगटाचे प्रमुख प्रणव मुखर्जी हे ज्या जंगीपूर मतदारसंघातून निवडून आले होते, तो विडी-कामगारांचा बालेकिल्ला. महाराष्ट्रात गोंदियाच्या प्रफुल्ल पटेल यांच्या घराण्याचा विडीचा व्यवसाय सर्वश्रुत आहे. विडीला पक्ष नसतो. पक्षालाच मात्र विडीची गरज लागते.

हीच कथा अमेरिकेत अधिक ठळक अक्षरांत वाचावयास मिळते. १४ एप्रिल १९९४ रोजी तेथील सात बड्या तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे शपथेवर सांगितले की, निकोटिनचे व्यसन लागते असे आपल्याला वाटत नाही. ही चौकशी चालविणारे हेन्री वॅक्समन डेमोक्रॅट पक्षाचे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात परंपरावादी रिपब्लिकन पक्षाने न्यूट गिंग्रिच यांच्या नेतृत्वाखाली चाळीस वर्षांनंतर प्रतिनिधिगृह जिंकले. काँग्रेस स्वच्छ करू, कुटुंब आणि नीती यांना पुन्हा प्रतिष्ठा देऊ, ही त्यांची भाषा होती. वॅक्समन यांची सूत्रे गेली. वाणिज्य समितीचे अध्यक्ष झाले व्हर्जिनियातील रिचमंडचे थॉमस ब्लायली. रिचमंड म्हणजे सिगारेटचे माहेरघर. आणि ब्लायली यांचा घरचा व्यवसाय अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा! (नियती विनोद करते ती असा.) न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की, याच ब्लायलींनी पुढे १९९८ साली कंपन्यांची हजारो गुप्त कागदपत्रे खुली केली.

१९९५ साली याच पक्षाचे एक वरिष्ठ नेते, ओहायोचे जॉन बेनर, प्रतिनिधिगृहाच्या सभागृहातच सहकाऱ्यांना तंबाखू उद्योगाच्या देणग्यांचे धनादेश वाटताना आढळले. बाहेर दालनात नव्हे, बाजारातही नव्हे. जेथे कायदे होतात त्या मजल्यावर. त्यांनी नंतर खेद व्यक्त केला, प्रथाही बंद झाली. बेनर २०११ ते २०१५ या काळात त्याच गृहाचे सभापती होते आणि निवृत्तीनंतर, सप्टेंबर २०१६ मध्ये, रेनॉल्ड्स या तंबाखू कंपनीच्या संचालक मंडळावर गेले.

दांभिकतेची परिसीमा झाली ती जॅक अब्रामॉफ प्रकरणात. हा रिपब्लिकन वर्तुळातील बडा लॉबिस्ट. मूळच्या अमेरिकी जमातींची जुगारगृहे त्याची गिऱ्हाईक होती. शेजारच्या प्रतिस्पर्धी जमातीचे जुगारगृह उघडू नये म्हणून त्याने राल्फ रीड या धार्मिक पुढाऱ्याच्या संस्थेला लाखो डॉलर पोहोचविले. आणि रीड यांनी चर्चमधील भाविकांना जुगाराच्या पापाविरुद्ध उठविले. भाविकांना वाटले, आपण धर्मकार्य करीत आहोत. प्रत्यक्षात ते एका जुगारगृहाचा धंदा राखीत होते. पैसा जुगाराचा असल्याची कल्पना नव्हती, असे रीड म्हणत राहिले. त्यांच्यावर खटला झाला नाही. अब्रामॉफने मात्र जानेवारी २००६ मध्ये गुन्हा कबूल केला व तो तुरुंगात गेला. सिनेटच्या ज्या समितीने हे बाहेर काढले तिचे अध्यक्ष जॉन मॅकेन हेही रिपब्लिकनच होते. आपल्याच पक्षाची घाण उपसण्याची ही हिंमत मात्र आपल्याकडे फार क्वचित पाहावयास मिळते.

तेथे भाविकांचा उपयोग झाला, येथे शेतकऱ्याचा होतो. दिल्लीत तंबाखूवर निर्बंधाची चर्चा निघाली की शेतकरी आणि विडी वळणारी बाई यांची आठवण काढली जाते. ही आठवण किती खरी, हे तपासावयाचे तर निपाणीकडे यावे लागते.

१४ मार्च १९८१ रोजी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली या भागातील तंबाखू उत्पादक पुणे-बंगळूर महामार्गावर बसले. मागणी एकच होती, पिकाला रास्त भाव. विडी-तंबाखूची खरेदी व्यापाऱ्यांच्या हातात; माल केव्हा उचलावयाचा, प्रत कोणती धरावयाची, पैसे केव्हा द्यावयाचे, हे सारे तेच ठरवीत. कष्टकऱ्यांनी महामार्गाच्या कडेला जणू गावच वसविले. त्याला आंदोलननगर म्हणत. बायाबापड्या, पोरेबाळे, मराठी आणि कन्नड बोलणारे शेजारी शेजारी बसले होते. सीमाप्रश्नाने दुभंगलेल्या या मुलखात ही गोष्ट लहान नव्हती. तीन आठवड्यांहून अधिक काळ हा ठिय्या चालला. ६ एप्रिल रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि दहाहून अधिक शेतकरी जागीच वा नंतर मरण पावले. गुंडूराव तेव्हा कर्नाटकचे मुख्यमंत्री होते.

त्या वेळी तंबाखूचा शेतकरी चार कोटींच्या हिशेबात नव्हता. तो रस्ता अडविणारा होता. वखारीतील तंबाखूच्या धुळीत दिवसभर राबणाऱ्या निपाणीच्या स्त्री-कामगारांची दैना अनिल अवचटांनी लिहून महाराष्ट्रापुढे ठेवली, तेव्हाही त्यांच्यासाठी कोणती समिती नियम थोपवीत दिल्लीत बसली नव्हती. भाव मागणारा शेतकरी हा सुव्यवस्थेचा प्रश्न ठरतो आणि कारखान्याच्या नफ्याला धक्का लागू पाहताच तोच शेतकरी देशाचा पोशिंदा होतो. मधल्या काळात त्याच्या शेतात काहीही बदललेले नसते.

शेतकऱ्यासाठी खरोखर काही करता आले नसते असे नाही. सिगारेटला लागणाऱ्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी संसदेने १९७५ साली कायदा करून तंबाखू मंडळ स्थापले. त्या मंडळाच्या देखरेखीखाली म्हैसूरकडील व्हर्जिनिया तंबाखूचा लिलाव होतो. निपाणीच्या विडी-तंबाखूला त्या मंडळाची कक्षा लाभली नाही. पर्यायी पिकासाठी पाणी, कर्ज आणि बाजार यांची हमी मिळाली असती तर चित्राच्या आकाराने शेतकऱ्याला घाबरविण्याचे कारणच उरले नसते. विडीच्या पुड्यावरचे भेसूर चित्र पाहून एखाद्याने विडी सोडली तर व्यापाऱ्याचा खप त्याच दिवशी कमी होतो. शेतकऱ्याला मात्र पीक बदलावयास वर्षे मिळतात, कारण व्यसने अशी एका रात्रीत सुटत नसतात. नियम लांबवून खरी उसंत मिळते ती कोणाला, हे यावरून ताडता येईल.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात असा. राजस्थान उच्च न्यायालयाने सरकारला धारेवर धरले. मार्च २०१६ मध्ये दिलीप गांधी यांच्या समितीने चित्र ५० टक्क्यांवर आणावे आणि विडीच्या पुड्यावर तर ते एकाच बाजूस असावे अशी शिफारस केली. सरकारने ती न मानता १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्क्यांचा नियम लागू केला. उद्योग न्यायालयात गेला; सर्वोच्च न्यायालयाने देशभरची प्रकरणे कर्नाटक उच्च न्यायालयाकडे सोपविली. त्या न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये नियम रद्द ठरविला आणि ८ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मोठे चित्र पाकिटावर राहिले. दिलीप गांधी आणि श्यामाचरण गुप्ता हे दोघेही २०२१ साली करोनाच्या साथीत निवर्तले.

आणि विडी वळणारी बाई? तिच्यासाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी उभा राहिला होता. विडीवरील उपकरातून तो भरला जाई आणि त्यातून विडी-कामगारांचे दवाखाने व त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो उपकर रद्द झाला. तेव्हापासून या योजनांचा खर्च केंद्राच्या सर्वसाधारण तिजोरीतून, त्या त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात जेवढी तरतूद असेल तेवढाच होतो.