न लिहिलेले नियम आणि आपल्या बैठका

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मला ‘स्टाफ मीटिंग’ या विषयावर बोलायचं आहे. विषय ऐकून काहीजणी हसल्या, ते साहजिक आहे. हिंसा, पोटगी, जमिनीवरचा हक्क अशा प्रश्नांवर आपण बोलतो, त्यात मीटिंग हा काय विषय झाला? पण कार्यालयात किंवा संस्थेत काम करणाऱ्या बाईची नोकरी टिकणार की जाणार, तिचं म्हणणं निर्णयात उतरणार की नाही, हे पुष्कळदा मीटिंगच्या खोलीतच ठरतं. माझ्यासारखीच्या बाबतीत तर ते हमखास तिथंच ठरतं.

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि तेव्हापासून वस्त्यांमध्ये, कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते आहे. मी ऑटिस्टिक आहे. याचं निदान तिशी ओलांडल्यावर झालं. मराठीत याला ‘स्वमग्नता’ म्हणतात. स्वमग्न म्हणजे स्वतःतच बुडालेली. मला हा शब्द पटत नाही. बैठकीत बसले की माझं लक्ष स्वतःकडे जराही नसतं. पंख्याची कुरकुर, फडफडणारी ट्यूबलाइट, शेजारणीच्या बांगड्या, रस्त्यावरचा टेम्पो, कोपऱ्यातल्या दोघींची कुजबुज आणि बोलणाऱ्या ताईंचा आवाज, हे सगळं एकाच जोरानं आत येत असतं. त्यातून ताईंचा आवाज वेगळा काढणं हे इतरांच्या बाबतीत आपोआप होतं, मला ते मुद्दाम करावं लागतं. दोन तासांची मीटिंग संपते तेव्हा मी दिवसभर वस्तीत फिरल्यापेक्षा जास्त दमलेली असते.

निदान इतक्या उशिरा का झालं, हा प्रश्न आपल्या चळवळीचाच आहे. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली ऑटिझमवर जो निबंध लिहिला त्यात अकरा मुलं होती. त्यातल्या मुली फक्त तीन. पुढे कित्येक वर्षं हा मुलग्यांचाच प्रश्न समजला गेला. चार मुलग्यांमागे एक मुलगी, असं प्रमाण सांगितलं जायचं. २०१७ साली अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा ते तीनास एकच्या जवळपास निघालं, आणि लक्षणं असूनही मुलींचं निदान निसटतं हेही दिसलं. आपल्याकडे हे कसं होतं ते तुम्हाला सांगायला नको. मुलगा कोणात मिसळला नाही, तर घरचे काळजीत पडतात. मुलगी मिसळली नाही, तर ‘किती शांत, किती गुणी’ म्हणून तिचं कौतुक होतं. चारचौघांत कसं बसावं, किती हसावं, कुठं गप्प राहावं हे प्रत्येक मुलीला शिकवलं जातं. माझ्यासारखी मुलगी ते पाठ करते. इतर बायकांच्या लकबी बघून बघून ती एक मुखवटा तयार करते आणि तो दिवसभर सांभाळते. बैठकीत तुम्ही माझ्याकडे पाहता तेव्हा मी हसून मान डोलावते. त्या वेळी माझं अर्धं डोकं ‘आता मान किती वेळ डोलवायची’ या हिशेबात गुंतलेलं असतं.

आता मीटिंगकडे येऊ. मीटिंगमध्ये दोन प्रकारचे नियम असतात, काही लिहिलेले, काही न लिहिलेले. पहिले मला पाळता येतात, बहुतेकांपेक्षा काटेकोरपणे. अडतं ते दुसऱ्यांपाशी. कुणाच्या बोलण्यानंतर किती क्षण थांबून आपण बोलायचं? चर्चा खरंच मागितली आहे, की निर्णय झालेला असून फक्त मान डोलवायची आहे? ‘बघू या’ म्हणजे विचार करू, की नको? ‘जमलं तर त्यात जरा लक्ष घाल’ ही विनंती, की हुकूम? ‘कोणीतरी एकदा तहसील कार्यालयात जाऊन या’ यातलं ‘कोणीतरी’ म्हणजे कोण? मी सरळ विचारते, “ताई, म्हणजे नक्की कोणी जायचं आणि कधीपर्यंत?” मला उत्तर हवं असतं. ऐकणाऱ्यांना त्यात उद्धटपणा दिसतो. हाच प्रश्न पुरुष सहकाऱ्यानं विचारला की तो ‘मुद्द्याचं बोलणारा’ ठरतो, बाईनं विचारला की ती आगाऊ. हे तुमच्यापैकी अनेकींनी अनुभवलं असेल. ऑटिस्टिक बाईला ते दुप्पट भोगावं लागतं.

याची किंमत काय असते ते सांगते. मी पूर्वी एका संस्थेत होते. केसची कागदपत्रं, गृहभेटी, कोर्टाच्या तारखा, कशातही उणं निघालं नाही. वार्षिक मूल्यमापनात मात्र लिहिलं गेलं: ‘टीममध्ये मिसळत नाही. बैठकीत नजरेला नजर देत नाही. वृत्ती सहकार्याची नाही.’ करार पुढे वाढवला गेला नाही. ज्या बायकांच्या केसेस मी बघत होते, त्यांना मध्येच दुसऱ्या कार्यकर्तीकडे जावं लागलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. नजरेला नजर न देण्यानं यातल्या कोणाचं काय बिघडलं होतं? नजर चुकवली तरच मला शब्द नीट ऐकू येतात. ब्रिटनमधले डॅमियन मिल्टन हे समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ साली मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. मला तुमचं कळत नाही, तसं तुम्हालाही माझं कळत नाही. मग बदलायचं मात्र एकटीनंच, असं का?

काहीजणी म्हणतील, हे मोठ्या कार्यालयांचं झालं. आपल्या गटात कोणी साहेब नाही, आपण गोल करून बसतो, मोकळेपणानं बोलतो. या मोकळेपणाबद्दलच मला बोलायचं आहे. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीतल्या जो फ्रीमन यांनी १९७० साली आपल्या एका भाषणात हाच प्रश्न उचलला होता. पुढे तो लेख म्हणून छापला गेला आणि जगभर वाचला गेला. त्यांचं म्हणणं असं की ज्या गटात उघड रचना नसते, तिथं छुपी रचना तयार होते. मैत्रिणी-मैत्रिणींचं एक वर्तुळ जमतं, नियम त्यांनाच माहीत असतात आणि सत्ता त्यांच्याच हातात राहते. आपल्याकडेही बैठक चारला संपते आणि खरा निर्णय साडेचारला चहाच्या टपरीवर होतो. टपरीवर कोण असतं? ज्यांना घरी जाऊन स्वयंपाक करायची घाई नसते त्या. ज्यांची भाषा, जात, शिक्षण एकमेकींशी जुळतं त्या. मी तिथं नसते. पण लांबच्या गावाची एसटी गाठायची असलेली कार्यकर्तीही तिथं नसते, आणि महिन्यापूर्वी रुजू झालेली मुलगीही.

मला सर्वांत सोप्या जातात त्या बचत गटाच्या बैठका. दिवस ठरलेला, वेळ ठरलेली. आधी हजेरी, मग मागचं वृत्तांत वाचन, मग बचत गोळा करणं, कर्जाची मागणी, परतफेड, शेवटी सह्या. कोणी काय घेतलं, कधी देणार, ते वहीत लिहिलेलं. या शिस्तीमुळे बायका गप्प बसल्या का? उलट, ज्या घरात कधी बोलल्या नाहीत त्या तिथं पैशाचा हिशेब विचारायला लागल्या, कारण आपली पाळी कधी येणार ते त्यांना माहीत होतं. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, अशी तरतूद कायद्यात आहे. ती का आली? बैठकीची पद्धत कशी आहे यावर कोण बोलणार आणि कोण नाही हे ठरतं, म्हणून. ही गोष्ट आपल्या चळवळीला माहीत आहे. तिचा उपयोग आपण स्वतःच्या स्टाफ मीटिंगमध्येही करावा, एवढंच माझं मागणं आहे.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात पाहू. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात ऑटिझमचं नाव नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले, त्यात ते आलं. या कायद्यात ‘वाजवी सोय’ अशी कल्पना आहे. म्हणजे फार मोठा बोजा न पडता करता येण्यासारखे बदल. अशी सोय नाकारणं हा भेदभाव आहे, हे कायद्याच्या व्याख्येतच लिहिलं आहे. अशी सोय देण्याचं बंधन कलम २० सरकारी आस्थापनांवर थेट घालतं. कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेनं समान संधीचं धोरण जाहीर करायचं आहे. सरकारी नोकरीतल्या आरक्षणासाठी ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. पण वाजवी सोय मिळण्यासाठी ही ४० टक्क्यांची अट लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार प्रकरणात २०२१ साली सांगितलं. विशाखा निकाल १९९७ चा आणि त्यानंतरचा कायदा २०१३ चा. या दोन्हींतून आपण शिकलो की कामाची जागा बाईला सोसायची नसते, ती बदलायची जबाबदारी मालकाची असते. तेच सूत्र इथं लागू आहे.

आता प्रत्यक्ष काय करता येतं ते सांगते. आधी जी मीटिंगला जाते तिच्यासाठी.

विषयपत्रिका आदल्या दिवशी मागून घ्या. त्यासाठी निदानाचा कागद दाखवायची गरज नाही. “तयारी करून येते” एवढं कारण पुरतं. मी प्रत्येक विषयापुढे माझं एक वाक्य लिहून नेते. बोलायची वेळ हुकली तर ते वाक्य चिठ्ठीवर लिहून अध्यक्ष ताईंना देते. बसायला भिंतीकडची, दाराजवळची जागा निवडते, म्हणजे पाठीमागून आवाज येत नाहीत आणि पाच मिनिटं व्हरांड्यात जाऊन येता येतं. वृत्तांत लिहिण्याचं काम मी अनेकदा मागून घेते. हाताला काम मिळतं, खाली बघायला कारण मिळतं आणि ‘म्हणजे नक्की काय ठरलं?’ हे विचारायचा हक्क मिळतो. यात एक सावधगिरी मात्र हवी. लिहिण्याचं आणि चहाचं काम बायकांच्याच माथी मारायची जुनी सवय आहे. लिहिणारीलाही बोलायची पाळी मिळाली पाहिजे. मीटिंगनंतरचा अर्धा तास मी गृहभेट ठेवत नाही. घरी गेल्यावर लगेच ओट्याशी उभं राहावं लागतं त्या बाईला हा अर्धा तास कुठून मिळणार, हा प्रश्न मात्र उरतोच. घरातल्या कामाची वाटणी झाल्याशिवाय तो सुटणार नाही.

आणि आपल्याला ऑटिझम आहे हे सांगायचं की नाही? ते जिचं तिनं ठरवायचं. सांगितल्यानं मला माझ्या आत्ताच्या ठिकाणी मदत झाली. पण लग्न, नोकरी, मुलांचा ताबा, कशातही हा शब्द बाईविरुद्ध वापरला जाऊ शकतो. म्हणून कोणाचं निदान तिला न विचारता दुसरीला सांगू नका.

आता जी मीटिंग घेते तिच्यासाठी. विषयपत्रिका आधी द्या आणि प्रत्येक विषयापुढे लिहा: माहितीसाठी, चर्चेसाठी, की निर्णयासाठी. सुरू होण्याची वेळ लिहिता तशी संपण्याचीही लिहा आणि पाळा. एका वेळी एकीनंच बोलायचं. फेरी घ्या, पण ‘आत्ता नाही’ म्हणायची मुभा ठेवा. उद्यापर्यंत लिहून दिलेलं मत बैठकीत मांडलेल्या मताइतकंच धरा. ‘कोणीतरी’ हा शब्द टाळा. कोण, काय, कधीपर्यंत हे फळ्यावर लिहा. टपरीवर काही ठरलंच तर पुढच्या बैठकीत ते उघडपणे मांडा. आणि कोणी कुठे बघते, किती हसते, यावरून तिच्या कामाचं मूल्यमापन करू नका. रॅम्पला सिमेंट लागतं, पैसे लागतात. यातल्या कशालाही वही, खडू आणि थोडी सवय यापलीकडे काही लागत नाही.

एका मैत्रिणीनं मला विचारलं होतं, “इतके नियम केले तर आपल्यातला जिव्हाळा राहील का?” मी आत्ता जिथं काम करते तिथं गेलं दीड वर्ष या पद्धतीनं बैठका होतात. जिव्हाळा कमी झालेला नाही. दोन बदल मात्र दिसले. मीटिंग वेळेत संपते, म्हणून लहान मुलं असलेल्या दोघीजणी आता शेवटपर्यंत थांबतात. आणि आमच्याकडे साफसफाईचं काम करणाऱ्या मावशी, ज्या आधी दाराशी बसून ऐकायच्या, त्यांनी फेरीत पहिल्यांदा तोंड उघडलं आणि पगाराची तारीख पाळली जात नाही हा विषय मांडला. तो वृत्तांतात लिहिला गेला, त्यापुढे नाव आणि तारीख पडली. पुढच्या महिन्यापासून पगार सात तारखेच्या आत होऊ लागला.

या मेळाव्यात पन्नासेक गट आले आहेत. प्रत्येक गटाची पुढच्या महिन्यात एक तरी बैठक असेल. तिची विषयपत्रिका आदल्या दिवशी सगळ्यांच्या हातात पडावी आणि त्यात पहिला विषय ‘आपल्या बैठकीचे नियम’ हा असावा, अशी विनंती करून मी थांबते.