पाकिटातलं कालवण आणि आपला येसर

आज बोलायचं आहे पाकिटातल्या तयार कालवणाबद्दल. दाल माखनी, पालक पनीर, राजमा, छोले. पाकीट उकळत्या पाण्यात ठेवायचं, कात्रीनं कापायचं आणि ताटात ओतायचं. पूर्वी हे मुंबई-पुण्याच्या दुकानांत असायचं. आता नांदेडला मिळतं, लातूरला मिळतं, आणि तालुक्याच्या मोठ्या किराणा दुकानातही एखाद्या फळीवर दिसतं.

आम्ही नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका गावातल्या बचत गटाच्या अकरा बाया. हा विषय आमच्याकडे दोन वाटांनी आला. गटातल्या तिघींची लेकरं लातूरला नीटच्या तयारीसाठी खोली करून राहतात. मेस बंद असली की पोरं वडापाव नाहीतर बिस्किटं खातात, म्हणून या तिघी विचारत होत्या, की तयार भाजीची पाकिटं देऊन ठेवावीत का? दुसरी वाट म्हणजे आमच्या सुना. एका प्रदर्शनात त्यांना एका विक्रेत्यानं हवा ओढून पाकीट बंद करायचं यंत्र दाखवलं. घरची भाजी यात भरा, सहा महिने टिकेल, असं तो म्हणाला. सुनांचं म्हणणं पडलं, की पंजाबी भाज्या विकल्या जातात तर आपली आमटी, आपलं पिठलं का विकू नये? म्हणणं काही वाईट नव्हतं. पण यंत्राला गटाच्या बचतीतले पैसे घालायचे होते. म्हणून ठरलं, की आधी बाजारातलं पाकीट आणू, खाऊन बघू आणि त्यावरचं सगळं वाचून काढू.

चार पाकिटं आणली. प्रत्येकात ३०० ग्रॅमच्या आसपास माल, किंमत शंभर ते सव्वाशे. एका पाकिटात दोन माणसांचं कसंबसं भागतं. आमच्या घरात सहा-सात माणसं जेवतात, तिथं तीन पाकिटं फोडावी लागतील. तेवढ्या पैशात तुरीची डाळ किती येते, हे लातूरच्या डाळीच्या मुलखात राहणाऱ्या बाईला सांगायला नको.

चवीचं म्हणाल तर राजमा आणि छोले बरे निघाले. दाणा मऊ, अख्खा, आत कच्चा नाही. दाल माखनी लोणी-सायीमुळं गोडसर लागली, लेकरांनी बोटं चाटून खाल्ली, म्हाताऱ्यांनी ताट बाजूला सारलं. पालक पनीरचा हिरवा रंग मळकट झालेला होता. ज्वारीच्या भाकरीबरोबर यातलं एकही नीट जमलं नाही. भाकरीला झणझणीत कोरड्यास लागतं, चुरून खायला रस्सा लागतो. हे पोळीचं आणि भाताचं जेवण. आमच्यातल्या एकीनं शेवटी राजम्यात काळा मसाला आणि लसणाची फोडणी घातली, तेव्हा कुठं तो पातेल्यातून संपला.

आता वाचायचं काय, ते सांगतो. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागतो, नाहीतर शाळेतली पोरगी बसवा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. ज्याचं नाव आधी, ते जास्त. आमच्या एका पाकिटावर पहिलंच नाव पाणी होतं. त्यात लबाडी नाही, आपल्या आमटीतही पाणीच जास्त असतं. चौकोनात हिरवा ठिपका असेल तर पदार्थ शाकाहारी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक असायलाच हवा. कधीपर्यंत खायचं ती तारीख बघायची. आणि एक ओळ बहुतेक जणी सोडून देतात, ती सोडियमची.

सोडियम म्हणजे मिठातला भाग. १ ग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. आमच्या एका पाकिटावर १०० ग्रॅममागे ४२० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं होतं. पाकीट ३०० ग्रॅमचं. म्हणजे १२६० मिलिग्रॅम, म्हणजेच तीन ग्रॅमहून थोडं जास्त मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. एकट्या माणसानं पाकीट संपवलं तर निम्म्याहून जास्त मीठ एकाच जेवणात झालं, वर पापड-लोणचं वेगळंच. घरात कुणाला बीपीची गोळी चालू असेल, तर हा हिशोब दुकानातच करायचा. आणि हा हिशोब आपल्या घरच्या खारवलेल्या मिरच्यांनाही लागू आहे बरं, नुसतं पाकिटाला नावं ठेवून भागायचं नाही.

पण आम्हाला खरं कोडं पडलं ते वेगळंच. आपली आमटी उन्हाळ्यात सकाळची संध्याकाळी आंबते. मग ही डाळ वर्षभर फ्रीजबाहेर राहते तरी कशी? आम्हाला वाटलं होतं, भरपूर औषध घातलेलं असणार. पण पाकिटावर लिहिलेलं होतं, टिकवण्यासाठी काही मिसळलेलं नाही. ते खोटं नाही. टिकण्याचं कारण शिजवण्यात आहे.

आपण आधी शिजवतो आणि मग डब्यात भरतो. भरताना चमच्याला, डब्याला, हवेला लागून जंतू पुन्हा आत जातात. कारखान्यात उलटं असतं. कालवण पाकिटात भरतात, पाकिटाचं तोंड पक्कं बंद करतात, आणि मग ते बंद पाकीटच रिटॉर्ट नावाच्या मोठ्या कुकरमध्ये दाबाखाली साधारण १२१ अंशांपर्यंत तापवतात. आतले जंतू मरतात आणि बाहेरचे आत येऊ शकत नाहीत. पाकीटही साधं नसतं. प्लॅस्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो, त्यातून हवा जात नाही आणि उजेडही जात नाही. म्हणून ते पाकीट मायक्रोवेव्हमध्ये तसंच ठेवायचं नसतं.

ही युक्ती आली सैनिकांसाठी. पण बाजारात अशा पाकिटातलं पहिलं अन्न विकलं गेलं ते जपानमध्ये, १९६८ साली, आणि ते होतं करी, म्हणजे कालवणच! आपल्याकडे म्हैसूरला संरक्षण खात्याची अन्न प्रयोगशाळा १९६१ पासून आहे. सीमेवरच्या जवानाला चूल न पेटवता जेवता यावं, म्हणून तिथं हे काम झालं. राकेश शर्मा १९८४ साली अंतराळात गेले, तेव्हा त्यांच्यासोबतचे भारतीय पदार्थही याच प्रयोगशाळेनं केले होते. आणि आपल्या महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातल्या भांडगावला, टेस्टी बाईटचा कारखाना आहे. तिथं शिजलेली डाळ आणि छोले अमेरिकेतल्या दुकानांत विकले जातात.

आता यंत्राकडे येऊ, कारण अडचण तिथंच आहे. विक्रेत्याचं यंत्र हवा ओढून घेतं. हवा नसली की नासत नाही, असं ऐकायला पटतं. पण जमिनीत, म्हणजे कांद्या-बटाट्याला लागलेल्या मातीतही, एक जंतू असतो. त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. तो हवेत वाढत नाही, हवा नसेल तिथंच वाढतो. नुसत्या उकळण्यानं, म्हणजे १०० अंशांनी, त्याचं बीज मरत नाही. मग शिजवलेली ओली भाजी हवा काढून बंद केली आणि घरात फळीवर ठेवली, तर आपण त्याला हवं तसं घरच बांधून दिलं. तो जे विष करतो त्याचा बऱ्याचदा वास येत नाही, चव बदलत नाही, आणि थोड्याशानंही माणसाचे स्नायू लुळे पडतात, श्वास थांबतो. असं घडणं विरळ आहे. पण आपल्या पाकिटानं घडलं तर?

सुनांनी लगेच विचारलं, मग कुकरमध्ये शिजवून भरली तर? कुकरमध्ये वाफ कोंडते, पाणी १००च्या वर तापतं, हे बरोबर आहे. पण झाकण उघडून पाकिटात भरताना जंतू परत येतातच. आणि बंद पाकीटच कुकरमध्ये टाकलं तर वाफ सोडताना ते फुगून फुटतं. कारखान्यात गार करतानाही बाहेरून दाब धरून ठेवतात. शिवाय पाकिटाच्या अगदी मध्यापर्यंत किती मिनिटांत किती ताप पोचला, हे प्रत्येक पदार्थासाठी मोजावं लागतं. पातळ आमटीचं वेगळं, घट्ट पिठल्याचं वेगळं. हे अंदाजानं करायचं काम नाही. छोटा रिटॉर्ट घ्यायचा म्हटला तरी खर्च लाखांत जातो. कुणाला या वाटेनं जायचंच असेल, तर परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे, तिथं आधी चौकशी करा. यंत्र विकणाऱ्याच्या शब्दावर नको.

आम्ही यंत्र घेतलं नाही. त्यावर बैठकीत बरीच बोलाचाली झाली, एक सून अजूनही आमच्यावर थोडी रुसलेली आहे.

मग लोणचं कसं टिकतं? आंबटपणामुळं आणि मिठामुळं. पापड, सांडगे, कुरडया कशा टिकतात? पाणी नाही म्हणून. आपल्या आज्यांना जंतूंची नावं माहीत नव्हती, पण पाणी काढून टाकायचं हे पक्कं माहीत होतं. आणि तयार कालवणाचं म्हणाल, तर ते मराठवाड्यात केव्हापासून आहे, त्याला आपण येसर म्हणतो! गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, धने, जिरे, दगडफूल, लवंग, दालचिनी, सुकी मिरची, हळद, हिंग घालायचं आणि दळून ठेवायचं. ऐन वेळी लसणाची फोडणी, पाण्यात कालवलेलं दोन-तीन चमचे येसर, पाच-सात मिनिटं उकळी, की आमटी तयार. लग्नात पन्नास पाहुणे वाढले तरी येसर वेळ मारून नेतं. पाकिटवाले जे शंभर रुपयांना देतात, त्यातलं पाणी सोडून बाकी सगळं आपल्या डब्यात आहे.

पाकिटाला मात्र आम्ही वाईट म्हणत नाही. परीक्षेच्या दिवसांत खोलीवर एकट्या पोरीला दोन पाकिटं असू द्यावीत, उपाशी बसण्यापेक्षा ते लाख पटीनं चांगलं. २०२५च्या पावसाळ्यात मुखेड तालुक्यात गावांत पाणी शिरलं. अशा वेळी चुली भिजतात, गॅस वाहून जातो, तेव्हा कापून तसंच खाता येणारं अन्न मोलाचं असतं. फक्त पाकीट फुगलेलं, गळणारं किंवा चिरलेलं असेल तर चाखूनसुद्धा बघायचं नाही, जनावरालाही घालायचं नाही, दुकानदाराला परत द्यायचं. आणि एकदा फोडलं, की वर्षभराची तारीख संपली. ते आपल्या आमटीसारखंच झालं, त्याच दिवशी खाऊन टाकायचं.

यंत्राचे पैसे वाचले, त्यातून वजनकाटा आणि पाकिटाचं तोंड चिकटवायचं साधं यंत्र घेतलं. येसर, कारळाची चटणी आणि जवसाची चटणी, असे तीन कोरडे पदार्थ घेतले आहेत. अन्न सुरक्षेच्या नोंदणीसाठी अर्ज केला. विकायला नोंदणी लागतेच, घरचं आहे म्हणून सूट नाही. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची जी योजना २०२० साली सुरू झाली, तिच्यात बचत गटांना भांडवलाची तरतूद आहे. तिची सध्याची स्थिती उमेदच्या तालुका कार्यालयात विचारून घ्या.

येसरात खोबरं घालावं की नाही, यावर आमच्यात दोन तट आहेत. खोबऱ्यानं चव येते, पण तेल सुटून दोन-तीन महिन्यांत खवट वास येतो. म्हणून दोन्ही प्रकारची सहा-सहा पाकिटं भरून, वर तारीख टाकून, अंधाऱ्या खोलीतल्या फळीवर ठेवली आहेत. दर पंधरा दिवसांनी दोन्हींतलं एकेक फोडतो, सगळ्या जणी वास घेतो, आमटी करून बघतो आणि वहीत लिहितो. चार जोड्या फोडून झाल्या. दोन राहिल्यात.