खेळातली नजर



आपल्यापैकी ज्यांनी बैलबाजारात जोडी घेतली आहे, त्यांना आजचा निम्मा विषय आधीच ठाऊक आहे. पसंत पडलेल्या बैलावर नजर ठरू द्यायची नाही. शिंगं शेजारच्याची पाहायची, दात तिसऱ्याचे मोजायचे. भाव रुमालाखाली बोटं धरून झाकता येतो. डोळे झाकता येत नाहीत, आणि दलाल नेमके तेच वाचतो.

आता असा खेळ घ्या, ज्यात हा दलाल डोळ्यांपासून दोन बोटांवर बसलेला आहे.

डोक्याला बांधायचा, आभासी जग दाखवणारा व्हीआर हेडसेट तुम्ही चित्रांत पाहिला असेल. तो घालून व्हीआरचॅटसारख्या खेळात माणूस एखादं सोंग घेतो, कधी पोराचं तर कधी राक्षसाचं, आणि जगभरच्या लोकांत जाऊन गप्पा मारत बसतो. पूर्वी या सोंगांचे डोळे खोटेच असत. संगणक ते अंदाजाने फिरवी. व्हाइव्ह प्रो आय (२०१९), क्वेस्ट प्रो (२०२२) अशा यंत्रांनी खरे डोळे आत आणले. भिंगाभोवती अवरक्त दिवे असतात, त्यांचा प्रकाश आपल्याला दिसत नाही. बारीक कॅमेरे डोळ्यावरची त्याची चकाकी आणि बाहुलीचा मध्य टिपतात. या दोहोंवरून नजर कुठे आहे ते कळतं.

याचा फायदा खरा आहे. डोळ्याला डोळा भिडला की परका माणूसही बोलता होतो. शिवाय आपल्याला अगदी स्पष्ट दिसतं ते हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढंच. तेवढाच भाग बारकाईने रंगवून यंत्राची मेहनत वाचवायची, ही सोनीने प्लेस्टेशन व्हीआर२ मध्ये वापरलेली युक्ती मला तरी फार हुशारीची वाटते.

पण नजर आपल्या हुकमात फार थोडी असते. सेकंदाला तीन-चार उड्या ती आपणहून मारते. सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस याने डोळ्याला चिकटणारी इवलीशी टोपी वापरून या उड्या नोंदल्या. त्याचं पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आलं. चित्रकार रेपिनचं एकच चित्र त्याने एकाच माणसाला सात वेळा दाखवलं. एकदा नुसतं पाहायला सांगितलं. मग चित्रातल्यांची वयं सांग, घरची सांपत्तिक स्थिती सांग, असं काही ना काही विचारलं. प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलली. म्हणजे वाट हाती लागली, की मनात काय चाललंय याचा माग काढता येतो.

डोळ्यांची नोंद देणं आपल्याला नवं नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी आधारची सुरुवात झाली, तेव्हापासून आपण डोळ्यांची प्रतिमा देत आलो आहोत. पण ती नोंदणीच्या वेळी, समजून-उमजून दिलेली असते, आणि आपण कोण एवढंच सांगते. नजरेची नोंद खेळ संपेतोवर चालू राहते आणि आपला जीव कशात अडकलाय तेही सांगू शकते. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे.

कंपन्या म्हणतात, डोळ्यांची छायाचित्रं यंत्राबाहेर जात नाहीत. मान्य. पण २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी 'गेझप्लॉइट' नावाचा हल्ला करून दाखवला. ॲपलच्या व्हिजन प्रो हेडसेटवर माणूस नजरेने टंकलेखन करतो आणि व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याला त्याचं आभासी रूप दिसतं. त्या रूपाचे डोळे नुसते पाहून त्यांनी पाच अंदाजांत पासवर्डमधली अक्षरं ७७ टक्के वेळा बरोबर ओळखली. चोरी करावी लागलीच नाही. जे सगळ्यांना दिसत होतं तेच पुरलं. ॲपलने मग दुरुस्ती केली: कळफलक उघडला की ते रूपच थांबतं.

आपला २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. त्यात १८ वर्षांखालच्यांचा माग काढायला आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे, त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमतीही लागते. सरकारने यात सवलती द्यायची सोय ठेवली आहे, तिच्यावर लक्ष ठेवा. माझं म्हणणं एवढंच: खेळातल्या सवंगड्याकडे क्षणभर पोचावी इतपतच नजर खेळाला द्यावी, साठवायला देऊ नये.

उद्या वणीत, यवतमाळात कुठे दुकानदार असा हेडसेट दाखवू लागला, तर किमतीआधी तीन प्रश्न विचारा. नजर टिपणं बंद करता येतं का? नोंद यंत्रातच राहते का? ती आणखी कोणाला मिळते का? सरळ उत्तर मिळाल्याशिवाय पोराच्या डोळ्यांवर तो चढवू नका.