बहिरी पेशी आणि माईनमुळा

काशीद-मुरुडच्या किनार्‍यावर सुट्टीसाठीं उतरलेल्या पाहुण्यास वाळत घातलेल्या मासळीचा वास प्रथम नकोसा होतो. घटका दोन घटका तेथें बसल्यावर तोच वास जणूं नाहींसा होतो. मासळी तीच, वाराही तोच. बदल घडला तो पाहुण्यांत. त्याचा कांहीं भाग मेंदूंत घडतो आणि कांहीं थेट नाकांतील पेशींत. एकच संदेश सतत येऊं लागला म्हणजे त्याकडे दुर्लक्ष करावयाचें, हा पेशींचा जुना स्वभाव आहे. संप्रेरकांच्या, म्हणजे ज्यांना आपण हार्मोन म्हणतों त्यांच्या, बाबतींतही त्या अशाच वागतात. हें बहिरेपण प्रयोगशाळेंत कसें मोजतात, आणि त्या मोजणींत मुंबईच्या एका उपनगराचा वांटा कोणता, हें आज सांगावयाचें आहे.

हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा नव्हे. दम्याच्या रोग्याजवळील सालब्युटामॉलचा पंप अ‍ॅड्रिनलिन या संप्रेरकाचेंच अनुकरण करतो. पंप वारंवार ओढावा लागूं लागला, आराम थोडाच वेळ टिकूं लागला, तर बिघडलें काय? रोग बळावला, कीं पेशी औषधाला सरावली? वैद्यानें आधीं रोगाचा संशय घ्यावा हेंच योग्य. परंतु दुसरी शक्यताही खरी आहे.

पेशीच्या आवरणावर संप्रेरकाला ओळखणारे ग्राही असतात. संप्रेरक भेटला कीं ग्राही एका मध्यस्थ प्रथिनाकरवीं अ‍ॅडेनिलिल सायक्लेज या विकराला जागें करतो, आणि तें विकर चक्रीय एएमपी नांवाचा निरोप्या तयार करतें. या निरोप्याचा शोध लावणारे अर्ल सदरलंड यांस 1971 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां प्रयोग. सारख्या पेशींचे दोन वांटे करावे. एकास अ‍ॅड्रिनलिनसारखें औषध पंधरावीस मिनिटें द्यावें, दुसर्‍यास देऊं नये. मग दोन्ही थंड द्रावणानें पुनःपुन्हां धुवावे. हें धुणें दिसतें तितकें क्षुल्लक नव्हे. औषधाचा लवलेश मागें राहिला तर तोच ग्राहींना अडवून बसतो आणि ग्राही घटल्याचा खोटा देखावा निर्माण होतो. नंतर दोहोंस सारखी मात्रा देऊन चक्रीय एएमपी मोजावें. पहिल्या वांट्यांत तें कमी भरलें म्हणजे पेशी सरावली.

पण सरावलें नक्की काय? दारावरची घंटा वाजली नाहीं, तर बटण बिघडलें कीं वीज गेली? हें ठरविण्यास ग्राहीला वगळून थेट विकराला चेतविणारा पदार्थ हवा होता. तो माईनमुळ्यांत सांपडला. गुजराती घरांत गरमर म्हणून ज्याच्या मुळांचें लोणचें घालतात, तीच ही वनस्पति. मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रांत भारतीय वनस्पतींची चाळणी चालली होती; तेथील रसायनज्ञांनीं या मुळांतून फोर्सकोलिन निराळें केलें आणि 1977 सालीं त्याची रचना प्रसिद्ध केली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेंतही तोच पदार्थ स्वतंत्रपणें हातीं आला होता. तेथें त्याचें नांव कोलिओनॉल. शोध चालला होता तो हृदय व रक्तदाब यांवरील औषधाचा. पुढें 1981 सालीं अमेरिकेंत केनेथ सीमन, जॉन डॅली प्रभृतींनीं दाखविलें कीं, हा पदार्थ विकरालाच चेतवितो. औषध म्हणून त्याचा फारसा जम बसला नाहीं; प्रयोगशाळांत मात्र त्यानें कायमचें घर केलें.

सरावलेल्या पेशींस फोर्सकोलिन द्यावें. उत्तर पूर्ववत् आलें तर विकर शाबूत, दोष ग्राहीचा किंवा त्याच्या जोडणीचा.

मग ग्राही गेला कोठें? येथें किरणोत्सर्गी खूण केलेलीं, ग्राहीला चिकटणारीं दोन संयुगें उपयोगी पडतात. एक मेदांत विरघळणारें, पेशीच्या आंत शिरणारें. दुसरें पाण्यांत रमणारें, बाहेरच थबकणारें. पहिलें सगळे ग्राही मोजतें, दुसरें केवळ पृष्ठभागावरचे. ही युक्ति मला सार्‍यांत सुंदर वाटते. दुसर्‍याचाच आंकडा घटला तर ग्राही आंत दडले. दोन्ही घटले तर नष्ट झाले. दोन्ही कायम असून पेशी गप्प, तर ग्राही दारांत उभा आहे, पण त्याच्या तोंडाला कुलूप आहे. ही मोजणी बर्फाजवळच्या तपमानांत करतात. ऊब मिळाली तर मोजतां मोजतांच ग्राही आंत सरकतात. तें कुलूप म्हणजे बीटा-अरेस्टिन हें प्रथिन. रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेनें तें 1990 सालीं उजेडांत आणलें. ग्राहीवर प्रथम फॉस्फेट जडतें, आणि त्यावर हें प्रथिन येऊन बसतें.

औषध काढून घेतल्यावर कुलूपबंद वा दडलेले ग्राही बहुधा कांहीं मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत पुन्हां कामास लागतात. नष्ट झालेले मात्र पेशीला नव्यानें घडवावे लागतात, आणि त्यास कित्येक तास, प्रसंगीं दिवसही जातात. दम्याच्या रोग्यास पहिल्या औषधाबरोबर स्टेरॉइड देतात तें मुख्यतः श्वासनलिकांची सूज ओसरावी म्हणून. परंतु तें या ग्राहींची नवी घडणही वाढवितें, असें पेशींवरील प्रयोगांत दिसून आलें आहे.